व्हर्लिन डेप्युटीसाठी कोणी खुर्ची सरकवत नाही

मी हे लिहिणारच नव्हते. एकतर आई म्हणाली, लिहिलंस तर घरात जेवायला मिळणार नाही. आई शेरीफच्या ऑफिसात वायरलेसवर बसते, काउंटीतल्या कुठल्या घरात कोण कोणावर भांडं फेकतंय ते तिला सगळ्यांच्या आधी कळतं, त्यामुळे तिची धमकी मी हलक्यात घेत नाही. आणि दुसरं म्हणजे ज्याच्याबद्दल लिहायचंय त्या व्हर्लिन स्टिडमने मला एकाच आठवड्यात दोनदा वेगाची पावती फाडलीय. दुसऱ्यांदा तर मी परीक्षेला चालले होते. खिडकीत वाकून म्हणतो कसा, "अभ्यास झाला असता तर एवढी घाई लागली असती का, बाळा?" अशा माणसाबद्दल चांगलं लिहायला कोणाचा हात चालेल? पण शनिवारपासून डोक्यातून जातच नाहीये, निबंध उद्या द्यायचाय तो बाजूला टाकलाय आणि हे टाइप करतेय, चुका झाल्या तर झाल्या.

तर व्हर्लिनकाका. आमच्या बीचनट गावाचा डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा पोलीस. इथे केंटकीच्या डोंगरात शेरीफ निवडणुकीला येतात आणि निवडणुकीला जातात, काका मात्र मैलाच्या दगडासारखा आहे तिथेच आहे. नियम म्हणजे नियम. पास्टर साहेबांना त्याने रविवारी सकाळी चर्चला जाताना अडवलं होतं. ते म्हणाले, देवाच्या कामाला उशीर होतोय. काका म्हणाला, देव थांबेल, आणि पावती दिली. स्वतःच्या बायकोला, नेडिनकाकूला, बँकेसमोर चुकीच्या जागी गाडी लावली म्हणून दंड केला, आणि मग घरी गेल्यावर आठवडाभर त्याला नुसता उकडलेला घेवडा मिळाला, सोबत मक्याचा पावसुद्धा नाही. त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. ती नियमानेच वागतेय असं त्याला वाटलं असणार.

आता असा माणूस गातो, आणि गातो तेही आपली कंट्री गाणी, हे कोणाला सांगितलं तर हसतील. पण जुनी माणसं सांगतात की विशीत तो असा गायचा की बायका स्वयंपाक टाकून दारात यायच्या. शनिवारी संध्याकाळी पेंडीच्या दुकानात पोती भिंतीला लावून जे वाजवणं-गाणं होतं, ते तेव्हाही होत होतं. व्हर्लिन गायचा आणि डेल्फिया नेपिअर त्याच्यामागे फिडल वाजवायची. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण तसं म्हणालात तर ती गज तुमच्या डोक्यात घालेल. तिला सगळा गाव मावशी म्हणतो, व्हर्लिनकाकापण. त्याला गिटारचे पहिले सूर तिनेच दाखवले.

मग त्याला पोलिसात नोकरी लागली. तेव्हाचा शेरीफ मोठा तत्त्वज्ञ. तो म्हणाला, शनिवारी ज्याच्यासमोर डोळे पुसत गातोस त्याला सोमवारी बेड्या कशा घालशील? दुसरा कोणी असता तर हो हो म्हणून गुपचूप गात राहिला असता. पण हा आपला आज्ञाधारक. गिटार पेटीत, पेटी पलंगाखाली, विषय संपला. माझा जन्म व्हायच्या कितीतरी आधी संपला.

आणि खरं सांगू, शेरीफचं अगदीच चूक नव्हतं. आमच्या गाण्यांत पोलीस येतो कधी? शेवटच्या कडव्यात, नायकाला धरून न्यायला. निम्मी गाणी तुरुंगातून आईची आठवण काढणाऱ्याची आणि उरलेली तिथे जायच्या वाटेवर असणाऱ्याची. ऐकणारे सगळे कैद्याच्या बाजूचे. त्यात डेप्युटीने उभं राहून गजाआडचं दुःख गायचं, तेही ज्यांना स्वतः आत टाकलं त्यांच्यासमोर, म्हणजे मांजराने उंदराच्या तेराव्याला भजन म्हटल्यातली गत.

मग तो परत गायला लागला कसा? तर गेल्या हिवाळ्यात घराच्या पायरीवरच्या बर्फावरून घसरला. इतक्या वर्षांत एका गुन्हेगाराला जमलं नाही ते पायरीने करून दाखवलं, डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तर बोटं वळेनात. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, दाबत बसा म्हणाले, नाहीतर बोटं अशीच राहतील. चेंडू दाबून दाबून कंटाळला आणि एक दिवस पलंगाखाली वाकला. नेडिनकाकू आईला म्हणाली, "रोंडा, त्यापेक्षा बाहेर एखादी बाई ठेवली असती तरी घरात आवाज कमी झाला असता." पण ती हे हसत सांगत होती असं आईचं म्हणणं.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं, सांध्यांना सूज आहे, मनगट सुधारलं तरी बोटं काही फार वर्षं साथ देणार नाहीत. म्हणजे वाजवायचं तर आत्ताच. आणि घरात भिंतींसमोर गाऊन त्याचं भागेना. त्याला शनिवारी वाजवणाऱ्यांच्या गोलात बसायचं होतं. मावशीच्या गोलात.

इथे गंमत अशी की पेंडीच्या दुकानात गोलात बसायला कोणी कोणाला विचारत नाही. तशी पद्धतच नाही. तुम्ही आपलं वाद्य पेटीत ठेवून भिंतीकडेच्या बाकावर बसायचं. गोलातल्या कोणीतरी न बोलता खुर्ची जरा सरकवली, तेवढी फट पडली, की पेटी उघडायची आणि आत जायचं. सरकवली नाही तर कॉफी प्यायची आणि घरी जायचं. आणि पहिली खुर्ची मावशीची. तिच्याआधी कोणी सरकवत नाही. लहान पोरांसाठी ती एका शनिवारात सरकवते. एकदा सिनसिनाटीहून आलेल्या एका दाढीवाल्यासाठीसुद्धा सरकवली, ज्याला तीनच सूर येत होते आणि त्यातला एक चुकीचा.

व्हर्लिनकाका मार्चपासून बाकावर बसत होता. गणवेश नाही, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पेटी, जसं काही दवाखान्यात नंबर लागायची वाट बघतोय. खुर्ची काही सरकत नव्हती. हार्लेस फ्युगेट बँजो वाजवतो, त्याला काकाने दारू पिऊन ट्रॅक्टर चालवल्याबद्दल आत टाकलं होतं, तो मध्येच ओरडून सांगायचा, "व्हर्लिन, तू वाटल्यास शेतीची गाणी गा. तुरुंगाची आमच्यासाठी ठेव. आम्ही आत जाऊन कमावलीयत." सगळे हसायचे. काकापण हसायचा. हसला की त्याचे कान लाल होतात, हे मला पावती घेताना कधी दिसलं नव्हतं.

हार्लेसचं काही नाही, तो ट्रॅक्टर विसरला होता. प्रश्न मावशीचा होता. प्रश्न डॅरेलचा होता.

डॅरेल म्हणजे मावशीचा एकुलता एक. पाठ दुखायची म्हणून गोळ्या घ्यायला लागला आणि मग गोळ्यांसाठी पाठ दुखायला लागली, आमच्याकडे असं घराघरात झालंय, त्याच्यावर मी विनोद करणार नाही. तो गोळ्या विकायलापण लागला. वॉरंट निघालं. आणि व्हर्लिनकाकाने त्याला कुठे धरावं? काही वर्षांपूर्वी, चर्चच्या अंगणात, मेमधल्या त्या रविवारी, जेव्हा सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं वाहून झाडाखाली एकत्र जेवतात. अख्खा गाव पंगतीला. मावशीने त्याला स्वतः वाढलं होतं. काका गणवेशात आला, वॉरंट वाचून दाखवलं, कारण वाचून दाखवायचा नियम आहे, आणि बेड्या घालता याव्यात म्हणून डॅरेलच्या हातातलं भरलेलं ताट काढून घेऊन शेजारच्या थडग्यावर ठेवलं. ते थडगं मावशीच्या नवऱ्याचं होतं.

डॅरेल आत गेला, बाहेर आला, गोळ्या सुटल्या, आता ओहायोत टायरच्या दुकानात आहे. बरा आहे. पण गावाला येत नाही, आणि मावशी त्या दिवसापासून व्हर्लिनकाकाशी एक शब्द बोललेली नाही. समोरून आला तर त्याच्या आरपार बघते. डॅरेलला पकडलं म्हणून नव्हे, हे ती सगळ्यांना सांगायची. पकडायला हवाच होता, मी स्वतः फोन करणार होते म्हणायची. मग पुढे काही बोलायची नाही.

हे सगळं असंच राहिलं असतं, आणि काका बाकावर बसून बसून निवृत्त झाला असता. पण गेल्या गुरुवारी वायरलेसने घोटाळा केला.

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या स्वयंपाकघरात स्कॅनर असतो, पोलिसांचं वायरलेस ऐकू येणारा डबा. टीव्हीवरच्या मालिकांत ओळखीचं कोणी नसतं, इथे सगळेच ओळखीचे. बटाटे सोलता सोलता कोणाची गाय रस्त्यावर आली, कोणाचा जावई परत पिऊन आला, सगळं कळतं. गुरुवारी दुपारी काका डोंगराच्या वळणावर चर्चच्या पाटीमागे गाडी लपवून बसला होता, माझ्यासारख्यांची वाट बघत. माइक सटकला आणि त्याच्या मांडीखाली गेला. बटण दाबलं गेलं. आणि बटण दाबलेलं असलं की बाकी कोणालाच बोलता येत नाही, फक्त ऐकता येतं.

काका गात होता.

आई सांगते, आधी तिला वाटलं कोणाचं रेडिओ स्टेशन घुसलं. मग तिने आवाज ओळखला. खाणीतून परत न आलेल्या नवऱ्यासाठी दिवा लावून ठेवणाऱ्या बाईचं जुनं गाणं, सगळी कडवी. मग तुरुंगाचं. मग परत दिव्याचं, कारण दुसरं कडवं त्याच्या मनासारखं झालं नव्हतं. ऑफिसचे फोन वाजायला लागले, आईला वाटलं लोक तक्रार करतायत. एका बाईने विचारलं, याला जरा मोठ्याने गायला सांगता येईल का, माझा डबा जुना आहे. दुसरा म्हणाला, आता एखादं उडत्या चालीचं घ्यायला सांग, जेवण जड झालंय. आई माइकमध्ये ओरडत होती, त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. त्या वळणावर मोबाइललाही रेंज नाही. शेवटी दुसऱ्या डेप्युटीला त्याच्याकडे पाठवलं. तो हसत हसत, जमेल तितक्या सावकाश निघाला.

आणि मग काकाने गाणं थांबवलं आणि बोलायला लागला. एकटाच. आरशात बघून असणार.

"मावशी, मला जरा... नाही, असं नको." मग घसा साफ केला. "मावशी, डॅरेलला पकडलं त्याचं मला वाईट वाटत नाही. पकडलं नसतं तर आज तो नसता. पण त्याच्या हातात ताट होतं. मी त्याला जेवू द्यायला पाहिजे होतं. तो कुठे पळणार होता, आईसमोरून? आणि ते ताट मी जिथे ठेवलं... मला खरंच दिसलं नव्हतं मावशी, दगडावर नाव कोणाचं आहे ते. नंतर दिसलं. तेव्हापासून रोज दिसतं."

आई म्हणाली, फोन वाजायचे थांबले. सगळे एकदम. तिला वायर उपटून टाकावीशी वाटली पण ती उपटूनही काही झालं नसतं, डबे घराघरात होते. मावशीचा डबा फ्रिजवर असतो आणि तो ती झोपतानासुद्धा बंद करत नाही. आईने तिला फोन लावला. मावशी म्हणाली, घेवडा खाली लागतोय, आणि फोन ठेवला.

आता तुम्हाला वाटेल, झालं, माफी पोचली, शनिवारी खुर्ची सरकली, टाळ्या. मलापण तसंच वाटलं होतं. मी मूर्ख आहे. शुक्रवारी मावशी दुकानात गेली तर कोणीतरी न विचारता तिला मिठी मारली. पास्टर साहेबांनी हात हातात घेऊन क्षमेवर चार शब्द ऐकवले. पोस्टातली बाई तिच्याकडे बघून रडली. गावात जी गोष्ट सगळे मोठ्या मुश्किलीने विसरले होते ती व्हर्लिनकाकाने एका मांडीच्या जोरावर प्रत्येक ओट्यावर परत वाढून ठेवली होती. आधी ताट सगळ्यांसमोर काढून घेतलं, आता माफीपण सगळ्यांसमोर. मावशी आईला म्हणाली, या माणसाला माझ्याशी एकदा तरी एकांतात काही करता येईल का?

काकाची अवस्था तर विचारू नका. नेडिनकाकू म्हणाली, तो जेवत नाही, चेंडू दाबत बसलाय.

शनिवारी पेंडीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना बँजो आणि फावड्यातला फरक कळत नाही तेसुद्धा आले होते, केळ्याचं पुडिंग घेऊन आले होते, म्हणजे बराच वेळ बसायचा बेत होता. मावशी गोलात, आपल्या खुर्चीत, पाठ ताठ. काका उशिरा आला. हातात पेटी नव्हती, टोपी होती. तो दाराशी उभा राहिला. मावशीने चालू धून अर्धी सोडली नाही, शेवटपर्यंत वाजवली, आणि मला वाटतं एकदा जास्तच वाजवली. मग फिडल मांडीवर ठेवली.

काका म्हणाला, "मावशी, मी फक्त एवढं सांगायला आलो होतो की परत इथे येणार नाही."

"गिटार कुठंय?" मावशी म्हणाली. इतक्या वर्षांत त्याच्याशी बोललेले ते पहिले शब्द.

"गाडीत."

"घेऊन ये."

तो गेला. माझं रडू फुटायच्या बेतात होतं, बाकीच्यांचंही तेच, हार्लेसने तर घाईघाईत आपली खुर्ची वीतभर सरकवलीसुद्धा. मावशीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने खुर्ची परत जागेवर आणली. असा आवाज झाला फरशीवर.

काका पेटी घेऊन आत आला तशी मावशी उठली. फिडल काखेत, गज हातात, गोलातून बाहेर पडली आणि भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली. जिथे पेटी बंद ठेवून बसायचं असतं तिथे. शेजारी हाताने थोपटलं. काका बसला. सगळं दुकान बघत होतं आणि ती अजिबात हळू बोलत नव्हती, बहुतेक मनात म्हणाली असेल की आता लपवायचं काय राहिलंय.

"मी तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "खुर्ची सरकवणार नाही. ती सरकवली तर गावाला वाटेल झालं गेलं संपलं, आणि ते मी ठरवीन, तुझा वायरलेस नाही. पण डॅरेलचा फोन आला होता. ओहायोपर्यंत पोचलं. तू आरशासमोर बोलत होतास ते त्याला कोणीतरी सांगितलं."

"काय म्हणाला?"

"हसला. किती वर्षांनी हसला तो. मला तुझा इतका राग आला."

काकाचे कान लाल.

"गिटार 'जी'च्या पट्टीत लाव," मावशी म्हणाली. "आणि दुसरं कडवं नीट म्हण. गुरुवारी सगळ्या गावासमोर त्याची वाट लावलीस."

मग त्यांनी दिव्याचं गाणं वाजवलं. कसं झालं म्हणून विचारलंत तर, सुरुवातीला वाईट. त्याचं मधलं बोट पुरतं वळत नाही, एक तार प्रत्येक वेळी किरकिरते, आणि ती किरकिरली की मावशीचं तोंड लिंबू चावल्यासारखं होतं. दुसऱ्या कडव्यात तो परत अडखळला. पण आवाज... मला शब्द सापडत नाहीये आणि शोधायला वेळ नाही. जुनी माणसं खोटं बोलत नव्हती एवढंच. ज्या बाईने दिवा लावून ठेवलाय ती अजून दाराकडे बघतेय हे कळत होतं. मी पावतीवरची त्याची सही बघितलीय, सरळ, कोरडी, पट्टीने ओढल्यासारखी. तो हाच माणूस यावर माझा विश्वास बसेना.

गोलातल्यांची पंचाईत झाली. मुख्य फिडल भिंतीजवळ आणि ते मध्ये, कोणाकडे तोंड करून वाजवायचं? हार्लेस आधी मान वळवून वाजवत होता, मग मान आखडली म्हणाला आणि खुर्चीच फिरवली. मग एकेक जण. पास्टर साहेबांनी मध्येच आमेन म्हटलं, त्यांना कोणीतरी गप्प केलं.

गाणं संपल्यावर मावशी उठून परत आपल्या खुर्चीत जाऊन बसली. काका बाकावर राहिला. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, पुढची धून सुरू केली. जाताना मी ऐकलं, तिने नेडिनकाकूला सांगितलं की पुढच्या शनिवारी त्याला तारा बदलून यायला सांग. त्याला स्वतःला सांगितलं नाही. तो तिथून हातभर अंतरावर उभा होता.

आईला मी विचारलं, ती खुर्ची कधी सरकवेल? आई म्हणाली, कदाचित डॅरेल मेमध्ये त्या रविवारी जेवायला येईल तेव्हा, कदाचित कधीच नाही, आणि तू हे लिहिणार नाहीस. तर लिहिलंय. आता तुम्ही एक करा. येत्या शनिवारी बीचनटच्या पेंडीच्या दुकानात जा आणि भिंतीकडच्या बाकावर व्हर्लिनकाकाच्या शेजारी बसा. वाद्य नसलं तरी चालेल, कॉफी फुकट आहे आणि वाईट आहे. तो स्वतःहून बोलणार नाही, तुम्हीच त्याला गाण्याचं विचारा. आणि हे पुढे ढकलू नका. मावशी अजून तरी उठून बाकापर्यंत येतेय, आणि तिचा विचार बदलायला एक किरकिरी तार पुरेशी आहे.